नेणारा कुठे नेतो?

'नायक' हा शब्द 'नी' म्हणजे नेणे या संस्कृत धातूपासून आला आहे. नायक म्हणजे नेणारा. तेव्हा कोणी आपल्या मनात नायकाचे स्थान घेतले, की त्याला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच, की तू मला कुठे नेतोस? चित्रपट संपला, कादंबरी मिटली, मोबाईलवर आवडत्या खेळाडूची चित्रफीत दहाव्यांदा पाहून झाली आणि आपण होतो तिथेच असलो, तर त्या नायकाने आपला वेळ तेवढा नेला, आपल्याला नेले नाही.

दिव्य कुरआनने या संदर्भात जो शब्द वापरला आहे तो 'उस्वा'. अनुसरण करण्याजोगा नमुना, असा त्याचा अर्थ. ज्यांना अल्लाहची आणि अंतिम दिनाची आशा आहे व जे अल्लाहचे भरपूर स्मरण करतात, त्यांच्यासाठी पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या ठायी उत्तम उस्वा असल्याचे सूरह अहजाबच्या 21 व्या आयतीत सांगितले आहे. सीरतच्या जलशांत ही आयत आपण वारंवार ऐकतो. ती कोणत्या प्रसंगाच्या वर्णनात आली आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. हिजरी सन 5 मधला तो प्रसंग आहे. अरबस्तानातील टोळ्या एक होऊन मदीनेवर चालून आल्या होत्या आणि शहराच्या रक्षणासाठी खंदक खोदला जात होता. थंडी होती, पोटात अन्न नव्हते. हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांनी पाहिलेले दृश्य हदीसमध्ये नमूद आहे: पैगंबर (स.) स्वतः माती वाहत होते आणि त्या मातीने त्यांचे पोट झाकून गेले होते.

वाचकहो, या दृश्यापाशी थोडे थांबावे. कुरआनने अनुकरणासाठी ज्या पुरुषाकडे बोट दाखवले, तो त्या वेळी सिंहासनावर नव्हता. इतरांच्या खांद्याला खांदा लावून तो माती वाहत होता. दुसऱ्याच्या दुःखात वाटेकरी होणे या अर्थाचा 'मुवासात' हा शब्द आपल्या घरांतील उर्दूत आहे. तो आणि उस्वा एकाच धातूपासून आले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दाची खोली कळते.

मग कल्पित कथांतील नायक सर्वस्वी त्याज्य समजावेत काय? कुरआन स्वतः कथा सांगतो. हजरत यूसुफ (अ.) यांच्या वृत्तांताला त्याने सर्वोत्तम कथन म्हटले आहे. लोकांनी विचार करावा म्हणून त्यांना वृत्तांत ऐकवा, असा आदेश सूरह आराफमध्ये आहे. मक्केत नज्र बिन हारिस नावाचा एक विरोधक होता. पैगंबर (स.) उपदेश करून उठले, की तो त्याच जागी बसे आणि इराणच्या रुस्तम व इस्फंदियारच्या शौर्यकथा रंगवून सांगे. आपल्या कथा अधिक सुरस आहेत, असा त्याचा दावा असे. इब्ने इसहाक यांच्या सीरतग्रंथात हे आले आहे. रुस्तमचे शौर्य ऐकणे हा तिथे आक्षेपाचा मुद्दा नव्हता. यूसुफ (अ.) यांची कथा ऐकणाऱ्याला स्वतःला विचारावे लागते, की ज्या भावांनी मला विहिरीत टाकले त्यांना मी क्षमा केली असती का? रुस्तमची कथा श्रोत्याला असे काही विचारत नव्हती, आणि नज्रला तेच हवे होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पडद्यावरच्या नायकाशी नाशिकचे नाते जुने आहे. 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट आणणारे दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी पहिला नायक निवडला तो वचनासाठी राज्य सोडणारा राजा. नंतरचा नायक मात्र बाहुबळाच्या दिशेने गेला. चित्रपट पाहावा की पाहू नये, हा उलेमांच्या चर्चेचा विषय आहे आणि या लेखाचा तो हेतू नाही. आपल्या जिल्ह्यातील एका घटनेचा विचार मात्र करण्याजोगा आहे.

मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी कामगारांची गर्दी चित्रपटगृहांकडे वळते. याच शहरात शेख नासिर यांनी अत्यल्प पैशांत, मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' हे चित्रपट तयार केले. सायकल आणि बैलगाडी ही त्यांची यंत्रसामग्री. हवेत उडणारा अमेरिकी नायक इथे शफीक शेख नावाचा सडपातळ यंत्रमाग कामगार झाला आणि गावातील तंबाखूच्या व्यसनाशी लढू लागला. फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर माहितीपट केला, आणि 2025 मध्ये या मंडळींवरील हिंदी चित्रपटही चित्रपटगृहांत आला.

लोक हसले, ते स्वाभाविकच होते. परंतु त्या हास्यात एक आपुलकी होती, कारण हा नायक त्यांच्याच गल्लीतला आणि त्यांच्याच मापाचा होता. दूरच्या नायकाला ओढून आपल्या शेजारी आणून बसवावे, ही माणसाची भूक त्यात दिसते आणि मला ती निकोप वाटते. पण पुढे काय घडले? शफीक यांना तोंडाचा कर्करोग झाला आणि 2011 मध्ये, तरुण वयातच, ते अल्लाहला प्यारे झाले. अल्लाह त्यांना मगफिरत देवो. 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तरी पुडी आजही हातोहात मिळते. पडद्यावर तंबाखूचा पराभव झाला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी खिशातली पुडी गटारात टाकली असेल? त्या तरुणाने कथेत जे मागितले होते, ते प्रेक्षकांच्या हातचे होते. त्यासाठी उडता येण्याची गरज नव्हती.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. सूरह नूहमध्ये वद्द, सुवाअ, यगूस, यऊक आणि नस्र या पाच मूर्तींची नावे येतात. हजरत इब्ने अब्बास (रजि.) सांगतात, की ही मुळात सदाचारी माणसांची नावे होती. ते वारल्यावर आठवण म्हणून त्यांच्या प्रतिमा उभारल्या गेल्या, आणि पुढच्या पिढ्या ज्ञान विसरून त्यांची पूजा करू लागल्या. म्हणजे शिर्कची सुरुवात तिथे दुष्टांपासून नव्हे, चांगल्या माणसांवरील बेसुमार प्रेमातून झाली! म्हणूनच आपल्या स्तुतीत अतिशयोक्ती करू नका, मला अल्लाहचा दास व त्याचा प्रेषित म्हणा, अशी ताकीद पैगंबर (स.) यांनी दिली. हजरत उमर (रजि.) यांनी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांना सेनापतिपदावरून दूर केले, त्याचेही एक कारण इतिहासग्रंथांत असेच दिले आहे: लोक खालिदवर भुलू लागले होते, आणि विजय अल्लाह देतो हे त्यांना कळावे. खालिद (रजि.) यांनी आज्ञा मानली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या विजयांपेक्षा हा क्षण मुलांना आधी सांगावा.

मुलांच्या खोलीतील भित्तिचित्र फाडून काही साधत नाही. उलट मुलाला जवळ बसवून विचारावे, की तुझ्या हीरोने केलेले कोणते काम तुला उद्या करता येईल? तो निरुत्तर झाला तर रागावू नये. त्याच्यासमोर करता येण्याजोगी कामे केलेली माणसे ठेवावीत. 2020 च्या उन्हाळ्यात मालेगाव कोरोनाच्या विळख्यात होते, तेव्हा दारोदार फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या, कबरी खोदणारे हात, शेजाऱ्याच्या दारात शिधा ठेवून निघून जाणारे लोक. यांतील कोणाचेही भित्तिचित्र मिळत नाही. पण त्यांतील एखादे माणूस आपल्याच मोहल्ल्यात, कदाचित आपल्याच घरात असेल, आणि मुलाला त्याच्या हाताखाली एक दिवस काम करू देता येईल.

मदीनेत एक काळ्या वर्णाची स्त्री मशिदीत झाडलोट करीत असे. ती दिसेना, तेव्हा पैगंबर (स.) यांनी चौकशी केली. ती वारल्याचे कळले. सहाबांना ती बाब फार मोठी वाटली नव्हती, म्हणून त्यांनी पैगंबरांना कळवलेही नव्हते. मला का सांगितले नाही, असे त्यांनी विचारले. मग तिची कबर दाखवण्यास सांगितले आणि तिथे जाऊन तिच्यासाठी जनाजाची नमाज अदा केली.