परसांतील लव्हाळा

परसांतील भाजीचें खत व पाणी खाणाऱ्या तणांत लव्हाळ्याइतकें चिवट तण क्वचितच असेल. खुरप्यानें पातीं छाटलीं म्हणजे काम संपलें असें पुष्कळांस वाटतें; परंतु जमिनींतील गाठी शाबूत राहून थोड्याच दिवसांत पुन्हां फुटतात. ह्या गाठी बहुतेक वरच्या ६ इंचांतच असतात. म्हणून आम्ही असें सुचवितों कीं, चैत्र-वैशाखांत वाफे रिकामे असतां पाणी तोडावें, कुदळीनें जमीन खणून ढेकळांस कडक ऊन द्यावें व गाठी वेंचून जाळाव्या. पूर्ण वाळलेली गाठ उगवत नाहीं. ओल्या गाठी उकिरड्यावर टाकूं नयेत. त्या खताबरोबर पुन्हां वाफ्यांत येतात. पावसाळ्यांत तेथें भोपळ्याचा वेल दाट पसरूं द्यावा. सावलींत लव्हाळा खंगतो. एका उन्हाळ्यांत तो न गेल्यास पुढील वर्षीं हाच क्रम चालवावा.