वाकडी दिसलेली माशी

रायफलीची पुढची माशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली नेमाची उभी पट्टी, वाकडी झाली आहे, अशी तक्रार घेऊन सदुसष्ट वर्षांचा एक नेमबाज बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेला. रायफल ली-एनफील्ड नंबर 4, काडतूस .303. गाव इंग्लंडमधलं, सरे परगण्यातलं बिस्ले. कारागिराने माशी भिंगाखाली धरली, गुण्या लावला आणि ती सरळ असल्याचं सांगितलं. नेमबाजाचं समाधान होईना. त्याने नवी माशी बसवून घेतली. पुढच्या रविवारी तीही वाकडी दिसली, मध्यावर डावीकडे किंचित बाक आल्यासारखी. मग तिसरी माशी आली. या सगळ्यात सात आठवडे गेले. बाक पोलादात नव्हताच, तो नेमबाजाच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यात होता.

हा नेमबाज म्हणजे प्रस्तुत लेखक. स्वतःविषयी ‘मी’ म्हणून लिहायला बसलं की चुकांना सबबी चिकटत जातात, म्हणून पुढेही त्याला ‘नेमबाज’च म्हटलं आहे.

त्याचं बालपण पुण्याजवळच्या खडकीतलं. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यात कामाला. 1869 पासूनच्या या कारखान्याने .303 ची काडतुसं बनवली आणि त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं ठोकली. जगात कुठेही जुनी ली-एनफील्ड वापरणाऱ्याला ही दोन अक्षरं ओळखीची असतात. कॉलेजात एनसीसीच्या शिबिरात नेमबाजाने पहिल्यांदा ही रायफल खांद्याला लावली. पाच गोळ्या मिळाल्या. खांदा आठवडाभर निळा होता आणि तो निळेपणा त्याने मित्रांना अभिमानाने दाखवला. पुढे नोकरीसाठी इंग्लंडला आल्यावर, परवाना मिळताच त्याने घेतलेली पहिली रायफल इशापूरच्या कारखान्यात 1943 साली बनलेली होती. घरचं माणूस परदेशात भेटावं, तसं त्याला तेव्हा वाटलं.

त्या इशापुरी रायफलीला उघडी साईट होती: मागे नळीवर यू आकाराची खाच, पुढे तोंडाशी माशी. दोन्हींमधलं अंतर सुमारे 49 सेंटिमीटर. खाचेत माशी नेमकी मध्यावर, दोन्हींची डोकी समपातळीत, आणि वर लक्ष्याचा काळा गोल. विशीत या तिन्ही गोष्टी एकदमच स्पष्ट दिसतात असं वाटतं. खरं तर डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट बसतो. तरुण डोळ्यातलं भिंग इतक्या चपळाईने आकार बदलतं की ही धावपळ आपल्याला कळत नाही. लहान मुलाच्या डोळ्याची ही लवचीकता बारा डायॉप्टरच्या (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) पुढे असते, चाळिशीत ती चार-पाचवर येते आणि साठीत जेमतेम एक उरते. मराठीने या वयाला आणि वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे एकच नाव दिलं आहे, ते अगदी योग्य आहे.

पन्नाशीत आधी मागची खाच विरघळली. साठीच्या अलीकडे माशीही धुरकट झाली. चूक किती महाग पडते, तेही सांगायला हवं. उघड्या साईटवर माशी खाचेत पाव मिलिमीटरने सरकली, तर 300 यार्डांवर गोळी सुमारे 14 सेंटिमीटर भरकटते. धुरकट कडेवर पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे.

इथे नेमबाजाने पहिली मोठी चूक केली. रोजच्या वापरातला प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून तो रेंजवर गेला. या चष्म्यात वरचा भाग लांबचं पाहायला, खालचा वाचायला आणि मधली अरुंद पट्टी मधल्या अंतराला. पालथं पडून नेम धरताना मान पुढे झुकते आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. माशी स्पष्ट दिसावी म्हणून हनुवटी वर करावी लागली. हनुवटीबरोबर गाल दस्त्यावरून सुटला. गाल सुटलेल्या माणसाला .303 चा धक्का वेगळा बसतो. उजव्या हाताचा अंगठा चष्म्यावर आदळला, चष्म्याची दांडी भुवईत घुसली. तीन टाके पडले. त्याहून वाईट म्हणजे त्याआधीच्या गोळ्या वर वर चढत होत्या, आणि त्याचा दोष त्याने दोन महिने काडतुसांना दिला होता.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा लावून जड काडतुसाची रायफल झाडू नये. चष्मा काढून तर मुळीच झाडू नये. जुन्या काडतुसाचं पितळ कधी फाटतं आणि मागे येणारा वायू थेट डोळ्यावर येतो. न फुटणारी पॉलिकार्बोनेटची काच, एकाच नंबरची, फक्त नेमबाजीसाठी वेगळी करून घ्यावी.

तो नंबर कसा ठरवायचा, हे नेमबाजाला एका नेत्रतपासनिसाने कागदावर आकृती काढून समजावलं. मीटरमधल्या अंतराने एकाला भागलं की त्या अंतरासाठी लागणारे डायॉप्टर मिळतात. माशी डोळ्यापासून सुमारे 86 सेंटिमीटरवर आहे, म्हणजे तिच्यासाठी सव्वाच्या आसपास लागतात. लक्ष्य इतकं दूर आहे की त्याला शून्य धरायला हरकत नाही. लांबच्या नंबरात अधिक अर्धा किंवा अधिक पाऊण मिळवला की नजर या दोन टोकांच्या मध्ये येऊन बसते. माशीची कड बरीच धारदार होते, लक्ष्य राखाडी पण गोल राहतं. नेमबाजाला याहून जास्त काही लागत नाही. वाचनाचा अधिक दोनचा चष्मा लावला तर अर्ध्या मीटरवरची गोष्ट झकास दिसते, पण तिथे ना माशी असते ना लक्ष्य. माशी ज्याने सुस्पष्ट होईल, त्यातला सर्वांत सौम्य नंबर घ्यावा. तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर असेल तर तो आधी पूर्ण भरून घ्यावा, नाहीतर एका माशीच्या दोन माशा दिसतात. तपासायला जाताना रायफल नेऊ नये. घरी टेपने डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजावं, तेवढीच काठी कापावी, तिच्या टोकाला एक काळी पट्टी चिकटवावी आणि ती काठी घेऊन जावं. पालथं पडून नेम धरताना मान कशी असते, तेही करून दाखवावं, म्हणजे काचेचं केंद्र वर आणि नाकाकडे सरकवून मिळतं.

दुसरा उपाय याहून जुना. नंबर 4 रायफलीची मागची साईट खाचेची नाही, भोकाची आहे, आणि ती नळीवर नसून डोळ्याजवळ बसते. त्यामुळे मागच्या आणि पुढच्या साईटमधलं अंतर सुमारे 73 सेंटिमीटर होतं आणि पाव मिलिमीटरच्या त्याच चुकीला 300 यार्डांवर साडेनऊ सेंटिमीटरच मोजावे लागतात. शिवाय भोकातून पाहताना भोकाकडे लक्ष द्यावं लागत नाही, डोळा आपोआप मध्य शोधतो. तीनपैकी एक काम कमी होतं. लहान भोकातून किरणांची बारीक शलाकाच डोळ्यात येत असल्याने जवळचं आणि लांबचं एकदम बऱ्यापैकी स्पष्ट होतं. लहानपणी मुठीचं भोक करून त्यातून फळा वाचणाऱ्या मुलांनी हे अनुभवलेलं असतं. मात्र भोकाचा व्यास निम्मा केला की प्रकाश चौथाईवर येतो, आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत मुळात एक-तृतीयांशच्या आसपास प्रकाश पोचत असतो. भोक एक मिलिमीटरच्या खाली गेलं तर प्रकाश कडेवर पसरून चित्र उलट बिघडतं. ढगाळ दिवशी मोठं भोक, उन्हात लहान, हे हाताने बदलता आलं तर उत्तम. आणि माशी चमकू देऊ नये. कापूर जाळून तिच्यावर काजळी धरावी. आजही त्याहून चांगला काळा रंग नेमबाजाला मिळालेला नाही.

नंबर 4 हातात आल्यावर सहा-सात वर्षं सुखाची गेली. त्या काळात त्याच्या तोंडी सतत ऑस्कर स्वानचं नाव असे. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रायफलीच्या स्पर्धा याच बिस्लेला झाल्या आणि साठ वर्षांच्या या स्वीडिश माणसाने धावत्या हरणाच्या लक्ष्यावर सुवर्ण मिळवलं. 1912 मध्ये चौसष्टाव्या वर्षी पुन्हा सुवर्ण. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बहात्तराव्या वर्षी सांघिक रौप्य. हे सगळं खरं आहे. पण नेमबाजाने त्यातून एवढंच घेतलं, की वयाचं काही चालत नाही. आपले डोळे स्वानचे आहेत असं तो गृहीत धरून बसला, आणि तीन वर्षं नेत्रतपासणी चुकवली.

मग ती वाकडी माशी आली. दोन्ही डोळे उघडे असताना त्याला काहीच वावगं दिसत नव्हतं. डावा डोळा उजव्याची उणीव भरून काढत होता. गाडी चालवताना, वर्तमानपत्र वाचताना, जिना उतरताना सगळं ठीक. डावा डोळा झाकून एका उभ्या काळ्या रेघेकडे एकटक पाहण्याचा प्रसंग माणसाच्या आयुष्यात एरवी येतो कुठे? रायफलीवर तो दर रविवारी येत होता. स्वित्झर्लंडचे नेत्रवैद्य मार्क आम्सलर यांनी गेल्या शतकात चौकटीच्या रेघांचा जो कागद तयार केला, त्याचंही काम नेमकं हेच: एक डोळा झाका, मधल्या ठिपक्याकडे पाहा, रेघा सरळ आहेत का सांगा. रायफलीने तीच तपासणी सात आठवडे फुकट केली आणि नेमबाज त्या रायफलीवरच आळ घेत राहिला.

एक खूण त्याने अडाणीपणे दवडली. माशी वाकडी दिसू लागल्यावर त्याने साईटचं भोक आणखी लहान केलं होतं. फरक पडला नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात हीच गोष्ट रोगनिदानाचा पहिला टप्पा असते. बारीक भोकातून पाहिल्यावर सुधारलं तर दोष बहुधा नंबरचा, चष्म्याने भागण्यासारखा. सुधारलं नाही तर पडदा, नस किंवा दाट मोतीबिंदू यांचा संशय घ्यायचा. हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दुसरी माशी विकत घ्यायला जाऊ नये. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

निदान झालं: पडद्याच्या मध्यबिंदूची वयोमानाने होणारी झीज, तिचा ओला प्रकार. त्यात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, पाझरतात, पडदा उचलला जातो आणि सरळ रेघ वळते. 2006 नंतर प्रचारात आलेल्या इंजेक्शनांनी हा पाझर थोपवता येतो, पण गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही, म्हणून दिवस महत्त्वाचे. सात आठवड्यांत किती गेलं, याचा हिशोब कोणी देऊ शकत नाही. नेमबाज तंबाखू कधीच सोडू शकला नव्हता. सिगारेट या आजाराचा धोका वाढवते, आणि ती त्याने त्या दिवशी सोडली.

मोतीबिंदूविषयी थोडं, कारण साठीपुढच्या अनेकांना तो गाठतो. शस्त्रक्रियेआधी आपण उघड्या साईटने नेम धरतो हे डॉक्टरांना सांगावं. एकाच अंतराचं कृत्रिम भिंग बसवून लांबचं स्पष्ट ठेवणं आणि माशीसाठी वर सौम्य चष्मा लावणं नेमबाजाला सोयीचं पडतं. अनेक अंतरांच्या भिंगाने चष्मा सुटतो खरा, पण काळ्या-पांढऱ्यातला उठाव कमी होतो आणि प्रकाशाभोवती वलयं दिसू शकतात. शस्त्रक्रियेनंतर किंवा डोळ्यात इंजेक्शन घेतल्यावर खांद्याला धक्का कधीपासून चालेल, हे स्पष्ट विचारून घ्यावं. ते ठरवणं नेमबाजाचं काम नव्हे.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: तिथे .303 सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर आहे. पण .315 च्या रायफली आहेत, त्यांना उघडीच साईट असते, आणि त्या बाळगणाऱ्या अनेकांची साठी उलटली आहे. त्यांच्यासाठीही डोळ्यांविषयीचा वरचा शब्दन्‌शब्द लागू आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी मनावर घ्यावी. धुरकट नजरेचं पहिलं नुकसान गुणपत्रिकेवर दिसतं, पण त्यामागे दुसरं, जास्त गंभीर उभं असतं. बिस्लेच्या सेंच्युरी रेंजवर नेमबाजाने एकदा शेजारच्याच्या लक्ष्यावर दोन गोळ्या झाडल्या, कारण 46 हा आकडा त्याला 45 वाटला. तिथे मागे मातीचा उंच बांध आहे, म्हणून प्रकरण गुण कापण्यावर निभावलं. मागे बांध नसलेल्या जागी लक्ष्याचा आकडा वाचता न येणाऱ्या माणसाने रायफल उचलणं हा गुन्हाच मानायला हवा. आता तो प्रत्येक मालिकेआधी दुर्बिणीतून आपला आकडा वाचतो आणि शेजाऱ्याला मोठ्याने सांगून खात्री करून घेतो. नेमही आठ सेकंदांहून जास्त धरत नाही. तेवढ्यात गोळी सुटली नाही तर रायफल खाली, नजर गवतावर, चार श्वास, मग पुन्हा.

उजव्या डोळ्याने नेम धरणं संपलं. अडुसष्टाव्या वर्षी तो डाव्या खांद्यावर रायफल घ्यायला शिकतो आहे. ली-एनफील्डचा बोल्ट उजवीकडे आहे, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर हात दस्त्यावरून पलीकडे न्यावा लागतो. वेळ दुप्पट लागतो. 300 यार्डांवर गोळ्या अजून ताटाएवढ्या जागेत विखुरतात. गेल्या महिन्यात पहिल्यांदा तीन सलग काळ्यात गेल्या.

रविवारी निघण्याआधी तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा राहतो. खिडकीला पुण्याच्या घरासारखे उभे गज आहेत. आधी डावा डोळा झाकून, मग उजवा झाकून तो ते गज पाहतो. उजव्या डोळ्याला मधले दोन गज थोडे वाकलेले दिसतात, ते किती वाकले आहेत हे तो वहीत तारखेसह लिहितो. डाव्याला सगळे सरळ दिसले तर रायफलीच्या कपाटाची किल्ली काढतो. ज्या दिवशी डाव्याला त्यातला एक जरी गज वाकडा दिसेल, त्या दिवशी किल्लीऐवजी फोन उचलायचा, हे त्याने बायकोलाही सांगून ठेवलं आहे. दवाखान्याचा नंबर खिडकीच्या चौकटीवर चिकटवलेला आहे.