समांतर : संगणनातील एक फसवी संज्ञा

भूमितीतील समांतर रेषा कधीच भेटत नाहीत. महासंगणकातील समांतर कामे मात्र पदोपदी भेटतात आणि एकमेकांसाठी खोळंबतात. ही संज्ञा शिकताना आधी भूमिती बाजूला ठेवावी लागते.

हवामानाचे उदाहरण घेऊ. प्रारूपात पृथ्वीवर चौकटींचे जाळे कल्पून चौकटींचे गट निरनिराळ्या प्रक्रियकांकडे सोपवितात. धार व देवास यांत सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटर अंतर आहे. १२ किलोमीटरची चौकट धरली, तर मध्ये सातेक चौकटी येतात. धारकडचा वारा देवासकडे सरकणार, म्हणून शेजारच्या गटाचे आकडे हाती आल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. आपल्या पंगतीसारखेच हे : वाढपी कितीही असोत, शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत कोणी घास उचलत नाही.

याची मर्यादा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिली. १०० मिनिटांच्या कामातील १० मिनिटे वाटून देता येत नसतील, तर दहा प्रक्रियकांवर १९ मिनिटे लागतात, नव्वदांवर ११. प्रक्रियक नऊपट झाले, तरी वेळ निम्माही होत नाही. निरोपांची ये-जा वेगळीच.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभारला, तो ६४ प्रक्रियकांचा. २०१८ मध्ये पुण्यातच बसविलेल्या ‘प्रत्यूष’ची क्षमता सेकंदाला सुमारे चार हजार लाख कोटी क्रियांची होती. एवढ्या मोठ्या यंत्रावर आपला कार्यक्रम किती वेगाने चालेल, हे आधी कसे कळावे?

त्यासाठी सदृशीकरण. लहान यंत्रावर कार्यक्रम चालवून प्रत्येक प्रक्रियकाने किती वेळ आकडेमोड केली, कोणाला केव्हा व केवढा निरोप धाडला, याची नोंदवही ठेवतात. मग नियोजित यंत्राचा वेग व निरोपाचा विलंब धरून, काल्पनिक घड्याळावर तीच नोंदवही घटनाक्रमाने पुन्हा वाचतात. कोण कोठे किती थांबला, हे उमगते. ज्ञात यंत्रावरील प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहिल्याशिवाय मात्र या भाकितावर विसंबू नये.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. सोयाबीन पेरून बसलेल्या माळव्यातील शेतकऱ्याला पाऊस पडून गेल्यावर मिळालेला अंदाज काय कामाचा? म्हणून विद्यार्थ्यांना ‘समांतर’ शिकविताना ‘एकाच वेळी’ एवढाच अर्थ सांगून थांबू नये. ‘एकमेकांसाठी थांबत’ हेही सांगावे.