सगळ्या कळपाला जंताचं औषध कशाला?

पावसाळा तोंडावर आला की सगळी मेंढरं-शेळ्या उभ्या करायच्या आणि एकाच बाटलीतलं औषध अंदाजाने एकेकीच्या घशात ओतायचं, ही रीत मोडावी असं अनुभवान्ती माझं ठाम मत झालं आहे. औषध वाईट नाही, वापर वाईट आहे. शेळ्या-मेंढ्यांचा मुख्य वैरी हिमाँकस हा रक्तपिपासू गोलजंत. त्याची मादी रोज हजारो अंडी घालते, ओल्या उबेत लेंडीतून आठवड्याभरात अळ्या तयार होतात आणि गवतावर चढतात. म्हणजे जंतांचा मोठा साठा गायरानात असतो. औषध मारतं ते फक्त पोटातले. त्यांतही जे औषधाला दाद देत नाहीत ते उरतात, आणि पुढची पिढी त्यांची. थायाबेंडाझोल १९६१ साली आलं, १९६४ पर्यंत त्याला न जुमानणारे जंत नोंदले गेले. आपलं अल्बेंडाझोल त्याच कुळातलं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की काहींनाच पाजलं तर बाकीच्या जंत पसरवतील. पसरवतीलच, आणि ते हवंच आहे! त्यांच्या साध्या जंतांत चिवट जंतांचं प्रमाण कमी राहतं. निवडायचं कसं? उजेडात खालची पापणी ओढून आतला रंग बघावा. लालबुंद असेल तर सोडून द्यावं. फिकट किंवा पांढरी दिसली तर औषध, तेही वजनावर. मेंढीचा डोस शेळीला बहुतेकदा अपुरा पडतो, आणि नुकत्याच गाभण गेलेलीला अल्बेंडाझोल टाळावं. दोन्ही बाबतींत डॉक्टरांना विचारावं. फिरतीवरच्या मेंढपाळाला दवाखाना कुठला, हे खरं. पण पापणी बघायला दवाखाना लागत नाही. मात्र भातखाचरं आणि पंचगंगेच्या पुराची दलदल इथे गोगलगायींतून पसरणारा यकृतातला पर्णकृमीही पापणी पांढरी करतो, जबड्याखाली पाणी उतरवतो. त्याला आयव्हरमेक्टिन लागू पडत नाही, अल्बेंडाझोलने कोवळे पर्णकृमी मरत नाहीत. तिथे शेण-लेंडी तपासल्याशिवाय बाटली उघडू नये.

औषध पाजून त्याच दिवशी कळप नव्या रानात नेणं तर सर्वांत घातक: कोऱ्या रानात फक्त चिवट जंतांचीच अंडी पडतात. वडगावच्या बाजारातून आणलेलं जनावरही असेच जंत घेऊन येऊ शकतं. त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन वेगळ्या कुळांतली औषधं द्यावीत, दोनेक आठवड्यांनी लेंडी तपासावी आणि तोवर वेगळं बांधावं.