चेनला धार : कानस घ्यावी की ग्राइंडर?

प्रश्न : 2020 च्या निसर्ग वादळात बागेतली झाडं आडवी झाली, तेव्हा चेन सॉ घेतली. आता छाटणीला आणि जळणाचे ओंडके पाडायला तीच वापरतो. धार गेली की चेन तालुक्याला पाठवावी लागते, दोन दिवस मोडतात. ऑनलाइन स्वस्तातला इलेक्ट्रिक ग्राइंडर पाहिला. घ्यावा का? गडी म्हणतो, कानशीने हात भरून येतात. (एक बागायतदार, दापोली तालुका)

उत्तर : आधी कानस घ्या. ग्राइंडरचं नंतर बघू. कदाचित लागणारही नाही.

हे मी ग्राइंडर घेऊन बसलेला माणूस सांगतोय. माझाही असाच स्वस्तातला, प्लास्टिकच्या बुडाचा. पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत अख्खी चेन घासून काढली आणि स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या दिवशी फणसाचा ओंडका घेतला तर अर्ध्यातच ढलप्या थांबल्या आणि पिठासारखा भुसा पडायला लागला. चेन काढून उन्हात धरली. दातांची टोकं निळी पडली होती. चाक जोर देऊन टेकवल्याने पोलाद तापलं आणि त्याचं पाणी उतरलं. असा दात कधी मऊ पडतो आणि धार धरत नाही, तर कधी उलट काचेसारखा कडक होतो आणि त्यावरून कानस नुसती घसरते. चाक टेकवायचं, उचलायचं, पुन्हा हलकेच टेकवायचं, हे मला नंतर कळलं. चेन वाया गेली ती गेलीच.

स्वस्त ग्राइंडरचं दुसरं दुखणं म्हणजे त्याचा दांडा. चाक खाली आणताना तो जरासा डुगडुगतो. त्यामुळे डाव्या बाजूचे दात वेगळे घासले जातात आणि उजवीकडचे वेगळे. चेनमध्ये हे दात एकाआड एक, डावा-उजवा असे बसवलेले असतात. 1946 च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी पाहिली. आपल्या आंब्यातल्या भिरुडाच्याच जातकुळीतली. तिचा जबडा डावी-उजवीकडे चावत लाकडातून सहज वाट काढतो, हे पाहून त्याने या दातांची चेन बनवली. भिरुडाने आपलं नुकसान कितीही केलं असो, एवढं श्रेय त्याला द्यावं लागेल. सांगायचा मुद्दा असा, की एका बाजूचे दात लांब राहिले तर काप त्या बाजूला ओढला जातो आणि ओंडका कोयत्यासारखा वाकडा कापला जातो. मग लोक बार बदलतात. बिचाऱ्या बारचा काही दोष नसतो.

कानशीतही ही चूक होते, पण सावकाश होते आणि डोळ्यांदेखत होते. अठरा इंची बारवर साधारण छत्तीस दात असतात. सवय झाली की पंधरा-वीस मिनिटांचं काम. गड्याचे हात भरून येतात ते बहुधा कानस मागेपुढे घासल्यामुळे. कानस फक्त पुढे जाताना कापते. परत आणताना उचलायची. दाताच्या आतून बाहेर, तीस अंशांच्या आसपास, आणि कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या वर राहील अशी धरायची. कोन धरणारी पट्टी मिळते, ती कानशीबरोबरच घ्या. सगळ्यांत आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणा, म्हणजे डावे-उजवे सारखे राहतील. आणि चेन पार बोथट होईपर्यंत थांबू नका. टाकी भरायला थांबलात की प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारले तरी पुरे. बागेत वीज नसते, कानस खिशात असते.

प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो. दात किती खोल चावणार ते तो ठरवतो. दात झिजून बुटका होतो आणि उंचवटा तसाच राहतो, मग धार असूनही मशीन लाकूड खात नाही. चार-पाच वेळा धार लावून झाली की मापाची पट्टी ठेवून चपट्या कानशीने तो उतरवा. बहुतेक चेनवर दातापेक्षा सुमारे 0.65 मिलिमीटर खाली. जास्त उतरवलात तर मशीन उसळून अंगावर येऊ शकते, इथे हात आखडता ठेवा.

ग्राइंडर खरा उपयोगी पडतो तो खिळा लागल्यावर. बांधावरच्या जुन्या आंब्यात कधी काळी ठोकलेली कुंपणाची तार खोडाने गिळलेली असते. तिच्यावर चेन गेली की आठ-दहा दातांचे कोपरे उडतात. ते कानशीने भरून काढायचे म्हणजे अर्धा दिवस. अशी चेन तालुक्यालाच पाठवा. वर्षातून एकदा जड नाही. घरात दोन-तीन मशीन असतील, आठवड्याला पाच-सहा चेन निघत असतील, तर ग्राइंडर जरूर घ्या, मात्र लोखंडी बुडाचा. आणि हात बसेपर्यंत भंगारातल्या चेनवर गिरवा.

तुम्ही मशीनचं माप लिहिलेलं नाही, म्हणून दुकानात जाण्याआधी चेनचा खोका किंवा मशीनचं पुस्तक काढा. तिथे .325 असेल तर 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते, 3/8 लो-प्रोफाइल असेल तर 4 ची. दुकानदार बरेचदा हाताला लागेल ती देतो. चुकीच्या मापाची निघाली तर तिथल्या तिथे परत करा.