पंचवीस मेगावॅटच्या आत

केंद्र शासनाच्या व्याख्येप्रमाणे २५ मेगावॅटपर्यंतचा जलविद्युत प्रकल्प ‘लहान’ समजला जातो. हा आकडा केवढा, हे वाचकांच्या ध्यानात यावे म्हणून एक तुलना देते. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ साली भारतातील पहिले जलविद्युत केंद्र सुरू झाले. त्याची क्षमता १३० किलोवॅट होती. म्हणजे आजच्या एका ‘लहान’ प्रकल्पात तशी एकशे नव्वद केंद्रे मावतील! वर्गात अपारंपरिक ऊर्जेचे प्रकरण चालू असताना मला प्रश्न पडला, की हा लहानपणा मोजला कोणाचा? यंत्राचा, की नदीचा?

पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते, या दोहोंच्या गुणाकारातून वीज निघते. सेकंदाला एक घनमीटर पाणी शंभर मीटर खाली पडले, तर यंत्रातील घट वजा जाता सुमारे ८०० किलोवॅट हाती येतात. या हिशेबाने २५ मेगावॅटसाठी शंभर मीटरच्या उतारावर सेकंदाला सुमारे ३२ घनमीटर पाणी लागेल. चारशे मीटरचा उतार मिळाला तर आठच पुरे. म्हणजे डोंगर जितका उभा, तितक्या लहान ओढ्यावर भागते. आणि ओढा लहान असला, की तो सगळाच्या सगळा नळात घालण्याचा मोह होतो.

अर्थात सर्व लहान प्रकल्प एका जातीचे नाहीत. आमच्या भागातील भाटघर धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजघर आहे. शेतीसाठी सोडावयाचे पाणीच तेथे जाता जाता चक्र फिरवते आणि पुन्हा नदीला मिळते. नदीचे जे व्हायचे ते धरणाने आधीच केलेले. वीजघराने नवे काही हिरावून घेतले नाही. दुसऱ्या जातीत डोंगरातील नदीवर बुटका बंधारा घालतात, पाणी बोगद्यातून अथवा नळातून काही किलोमीटर नेतात आणि खालच्या वीजघरातून परत नदीत सोडतात. कागदावर यात पाण्याचा थेंबही खर्च होत नाही. जेवढे घेतले तेवढे परत दिले. परंतु बंधारा आणि वीजघर यांच्या मधल्या पट्ट्याचे काय? तिथले झरे, गुरांचे पाणवठे, धुण्याचे दगड, आणि उन्हाळा डोहाच्या आधाराने काढणारा मासा? महाड तालुक्यात वाळण कोंडीचे मासे लोकांनी देवाचे म्हणून राखले आहेत. अशा डोहाला वरून येणारे पाणीच वळवले, तर देवाच्या नावाने तरी मासा कसा जगावा?

आता परवानगीकडे वळू. २००३ च्या विद्युत कायद्याने वीजनिर्मितीला परवान्याची अट ठेवलेली नाही. ठरावीक खर्चापुढील जलविद्युत योजनांना मात्र केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची संमती लागते. पाणी हा राज्याचा विषय असल्याने नदी वापरू द्यावी की नाही, हे राज्य शासन ठरवते. वनजमीन लागली तर १९८० चा वन कायदा आहेच. परंतु १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे नदीखोऱ्यातील जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, ती २५ मेगावॅटपासून पुढे. त्याच्या आत त्या अधिसूचनेखालील परिणामांचा अभ्यास नाही आणि जनसुनावणीही नाही. शिवाय एकाच नदीवर एकाखाली एक असे पाच प्रकल्प झाले, तरी कागदोपत्री प्रत्येक जण आपापल्या जागी लहानच राहतो.

हे कोणाच्या ध्यानात आले नाही असे नाही. डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाच्या सर्वांत नाजूक पट्ट्यात स्थानिकांच्या गरजेपुरत्या, तीन मीटरपर्यंत उंचीच्या आणि ग्रामसभेच्या संमतीने होणाऱ्या योजनाच चालतील, असे सुचवले. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये टंचाईच्या काळातील प्रवाहाच्या निदान ३० टक्के पाणी नदीत अखंड वाहावे, दोन प्रकल्पांत किमान तीन किलोमीटर अंतर असावे आणि एका वेळी खोऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग बाधित होऊ नये, असे म्हटले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये १५ ते २० टक्क्यांचा दंडक सांगितला. वरच्या गंगेसाठी २०१८ च्या अधिसूचनेत ऋतूप्रमाणे २०, २५ आणि ३० टक्के असे निरनिराळे आकडे आहेत. मला ही शेवटची रीत अधिक पटते. नदीला चैत्रात लागते तेवढेच पाणी आषाढात लागते असे नाही; पहिल्या लोंढ्याबरोबरच कित्येक मासे अंडी घालायला वर चढतात. पण तेथेही प्रवाहात विशेष बदल न करणाऱ्या अगदी लहान प्रकल्पांना सूट दिली आहे. पुन्हा तोच लहानपणा!

वीज नको, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. माझ्या आजोळच्या वाडीत दिवा आला तेव्हा मी चौथीत होते; आजीने त्या दिवशी चुलीपुढे बसून दिव्याकडेच पाहत भाकरी थापल्या. कोळशाच्या धुरापेक्षा पाण्याची वीज बरी, हेही खरे. पण डोंगरातल्या प्रकल्पाची वीज बहुधा तारांवरून दूर जाते आणि कोरडा पट्टा तेवढा गावाजवळ राहतो.

अमेरिकेत अशा प्रकल्पाला मुदतीचा परवाना देतात, आणि मुदत संपली की नदीची बाजू पुन्हा ऐकावी लागते. मेन राज्यात केनेबेक नदीवरचे एडवर्ड्स धरण १८३७ सालचे, वीज अवघी साडेतीन मेगावॅट. तेथील संघीय आयोगाने १९९७ मध्ये परवान्याचे नूतनीकरण नाकारून धरण काढावयास सांगितले. १ जुलै १९९९ रोजी ते फोडले गेले आणि समुद्रातून अंडी घालायला येणारे मासे दीडशेहून अधिक वर्षांनी वर चढले. आपल्याकडे प्रत्येक धरण फोडा, असे मी सुचवत नाही. मला हवी आहे ती मुदत, आणि परवान्यात मेगावॅटच्या शेजारी लिहिलेला मधल्या पट्ट्यातील पाण्याचा महिनावार आकडा.

तो आकडा पाहणार कोण, हा प्रश्न उरतोच. माझे वडील नीरा कालव्यावर पाटकरी आहेत. त्यांची शाळा दुसरीत सुटली. पण पट्टीवरची खूण पाहून पाणी किती चालले आहे ते सांगतात, आणि पाळी कमी पडली तर शेतकरीही तीच पट्टी दाखवून त्यांच्याशी भांडतात. बंधाऱ्याखाली नदीत अशी पट्टी बसवायला काय खर्च येईल, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “पट्टीला काय लागतंय? ती रोज बघायला माणूस लागतो.” तो माणूस कंपनीचा असावा की मधल्या पट्ट्यातल्या गावचा, हे परवान्यातच लिहिता येईल.