पातीचं मशीन बदलताना

बाबू, पातीवरचं पंचवीसचं मशीन उतरवून 9.9 चं बसवायचं तुझ्या मनात आहे, ते बरं आहे. पण दुकानात जाण्याआधी पात मोज. मालवणात मशीन घ्यायला निघालेल्याला सगळे हॉर्सपॉवर विचारतात. पातीची पाण्यातली लांबी किती, हे कुणी विचारत नाही, आणि सगळं गणित तिथूनच सुरू होतं.

आपली पात पाण्यावर उडणारी नव्हे, पाण्यात बसून पाणी बाजूला सारत जाणारी आहे. अशा बोटीचा वेग तिच्या लांबीला बांधलेला असतो. नाळेपासून मागच्या फळीपर्यंत जेवढी लांबी पाण्याला टेकते ती फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि 1.34 ने गुणायचं. येईल तो नॉटमधला वेग. आपली पाण्यातली लांबी धर 22 फूट. म्हणजे सव्वासहा नॉट, ताशी साडेअकरा किलोमीटर. त्याच्या वर जायचं तर पातीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं. पंचवीसची मूठ पूर्ण पिळलीस की मागची बाजू खाली बसते, नाळ वर उचलते आणि पाठीमागे जाडजूड लाट उभी राहते, हे तू रोज बघतोस. ती लाट तुझ्या पेट्रोलवर उभी असते. वेग मात्र जेमतेम अर्धा-पाऊण नॉट वाढलेला असतो.

ह्याच्यात फक्त तुझा खिसा नाही, म्हणून एवढं सांगतो. आपल्यात पेट्रोल आणि बर्फाचे पैसे आधी वजा होतात, मग वाटे पडतात. विनाकारण जाळलेला प्रत्येक लिटर खलाशांच्या वाट्यातून जातो. बांगडा बरा लागला तर कुणाच्या लक्षात येत नाही. पेडव्याची एखाददुसरी पाटी घेऊन परतायची वेळ आली की वाट्याला काहीच उरत नाही, आणि पोरं पात सोडून ट्रॉलरवर जातात.

तर नवीन घेण्याआधी जुन्यावरच एक परीक्षा कर. फोनमधल्या जीपीएसवर वेग लाव, मोजलेल्या कॅनमधून पेट्रोल दे, आणि पंचवीसला सहा नॉटवर धरून तेच अंतर जाता-येता दोन्ही वेळा चालव. पाण्याची ओढ एका बाजूने मदत करते, दुसऱ्या बाजूने अडवते, म्हणून दोन्हींची सरासरी घ्यायची. मग तेच मूठ पूर्ण पिळून कर. पंख्याचे फेरे 10 टक्क्यांनी उतरवले तर लागणारी ताकद पाव हिश्श्याहून जास्त उतरते. हे स्वतःच्या कॅनमध्ये बघितलंस की मूठ आपोआप सैल होईल. मात्र जुनं टू-स्ट्रोक बरंचसं पेट्रोल न जाळताच धुराबरोबर बाहेर टाकतं, आणि हळू चालवलं की प्लग काळे करतं. म्हणून खरी बचत लहान मशीन आणि फोर-स्ट्रोक ह्या दोन्ही मिळून होते. नुसतं लहान टू-स्ट्रोक घेऊन ती सगळी मिळायची नाही.

आता वजन. पात टेम्पोवर चढवून वजनकाट्यावर ने. जुन्या फायबरच्या आत फोम भिजलेला असतो, फळी पाणी प्यालेली असते. डोळ्याला दिसत नाही, काट्यावर दिसतं. त्यात भिजलेली जाळी, बर्फ, चार माणसं आणि बऱ्या दिवसाची मासळी मिळव. पाण्यात बसून चालणाऱ्या बोटीला भरल्या वजनाच्या टनामागे चार हॉर्सपॉवर पुष्कळ होतात. भरलेली पात अडीच टनांच्या आत असली तर 9.9 तुझ्या कामाचं. तीन टनांकडे सरकत असली तर 15 घे. काही कंपन्या 9.9 आणि 15 एकाच ठोकळ्यावर बांधतात, वजनही जवळपास सारखं असतं. शंका असली तर मोठं घेऊन हलक्या हाताने चालवलेलं चांगलं. तीन टनांच्याही वर गेली तर आधी भिजलेला फोम काढ, मशीनचं नंतर बघू.

मागच्या फळीकडे मात्र नीट वेळ दे. मशीन हलकं येणार म्हणून फळी जुनी चालेल असं समजू नकोस. पंचवीसने इतकी वर्षं तिला हादरे दिलेत आणि बोल्टांच्या भोकांतून खारं पाणी आतल्या लाकडात गेलेलं असतं. लहान हातोडीने सगळीकडे ठोकून बघ. टणक आवाज आला तर लाकूड शाबूत, बसका आवाज आला तर कुजलेलं. बसक्या जागी बारीक भोक पाड. ओला, काळा भुसा निघाला तर फळी आतून बदलायची, वरून फायबरचा थर चढवून झाकायची नाही. नवीन फळीला मरीन प्लायच वापर. प्रत्येक भोकाच्या कडा आधी रेझिनने बंद कर, मग सीलंट भरून 316 स्टीलचे बोल्ट घाल. आणि मशीनला एक साखळी किंवा जाड दोरी पातीशी बांधलेली असूच दे. क्लॅम्प सैल होऊन समुद्रात गेलेली मशीनं ह्या किनाऱ्यावर कमी नाहीत.

फळीची उंचीही मोज. आखूड दांड्याचं मशीन 15 इंची फळीला, लांब दांड्याचं 20 इंचीला. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली तर लाटेवर पंखा हवा गिळतो आणि मशीन किंचाळतं. फार खाली गेली तर दांडाच पाणी ओढत राहतो.

पंख्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही, कारण तो खोक्यात आलेला पंखा लावून देतो. तो पंखा बहुतेक वेळा हलक्या, पळणाऱ्या बोटीसाठी असतो. जाळी भरलेल्या पातीला कमी पिचचा आणि जमेल तेवढा मोठ्या व्यासाचा पंखा लागतो. बरोबर बसलाय की नाही हे असं ओळख: पूर्ण वजन घालून, सपाट पाण्यात मूठ शेवटपर्यंत पिळ आणि आरपीएम मीटर लावून फेरे बघ. मशीनच्या पुस्तकात पूर्ण वेगाचे फेरे दिलेले असतात, 9.9 च्या फोर-स्ट्रोकला साधारण 5000 ते 6000. तिथपर्यंत पोचत नसलं तर पंखा जड आहे. एक इंच पिच कमी केलास की दीडशे-दोनशे फेरे वाढतात. दबून चालणारं मशीन ताकदही देत नाही, आतून कार्बनही धरतं. लहान मशीन घेऊन फसलो म्हणणाऱ्यांच्या पाती मी बघितल्यात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मशीन ठीक होतं, पंखा चुकलेला होता.

पहिले दहा तास मूठ एकाच जागी धरू नकोस, पूर्णही पिळू नकोस. वीस तासांना पहिलं तेल बदल, पुढे दर शंभर तासांना. गिअरचं तेल दुधासारखं पांढरं निघालं तर सील गेलंय, त्याच दिवशी फिटरकडे जा. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं नाही, हे खलाशांनाही सांगून ठेव. सवयीने कुणीतरी ओततोच. आणि मशीन खांद्यावरून घरी नेलंस तर पुस्तकात दाखवलेल्या बाजूवरच आडवं ठेव, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये जातं.

घरी आणलं की पिंपात गोडं पाणी घेऊन चालव, मशीन थंड करणाऱ्या पाण्याची धार जोरात येते का बघ. धार बारीक झाली तर इम्पेलर गेला. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, म्हणून पाणी वेगळं काढणारा फिल्टर लाव. 1 जूनला मासेमारीबंदी लागली की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करायचे. जुलै संपेपर्यंत तसंच पेट्रोल ठेवलं तर ऑगस्टला मशीन सुरू होणार नाही.

आता देवबागच्या मुखाचं. कर्ली नदीचं पाणी ओहोटीला बाहेर धावतं आणि समोरून लाट आली की वाळूच्या दांड्यावर पाणी उभं राहून फुटतं. पंचवीस असताना तू तिथून जोरावर निघायचास. 9.9 वर तसं करू नकोस. उधाणाच्या दिवसांत भरती पूर्ण होऊन पाणी थांबेल तेव्हाच मुख ओलांड. भांगाच्या पाण्याला ओढ कमी असते, तेव्हा थोडी सूट आहे. लाट मोजून, मोठ्या लाटा गेल्या की मध्येच न थांबता निघ. सपाट पाण्यात पाऊण मुठीवर भरलेली पात पाच नॉट देत असली पाहिजे, म्हणजे उरलेली पाव मूठ मुखासाठी राहते. पूर्ण मुठीवरच पाच नॉट मिळत असतील तर मशीन लहान पडलंय असं समज आणि 15 कडे वळ. मशीन बंद करणारी लाल दोरी मनगटाला अडकवलेली असू दे. दोन वल्ही पातीत असायलाच हवीत, आणि आजोबांचं छोटं शीड माळ्यावर आहे ते काढून बघ. उंदरांनी कुरतडलं नसेल तर घेऊन जा.

मशीन बसलं की नौकेच्या कागदांवर नवीन नंबर आणि हॉर्सपॉवर मत्स्यव्यवसाय खात्यात चढवून घे, विमाही त्याच नंबरावर कर. जुनं पंचवीस एक हंगाम विकू नकोस. गोड्या पाण्याने धुऊन, प्लगच्या भोकात थोडं तेल सोडून ठेव. पुढच्या मे महिन्यात पेट्रोलच्या चिठ्ठ्या घेऊन ये, दोन्ही हंगामांचे वाटे मांडून बघू आणि मग ठरवू.